नकार आमच्याकडून

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. ऊसवाल्याच्या लग्नाला विघ्नं येत नाहीत, कारण लग्नच ठरत नाही. मी चौतिशीचा. शिराळ्याजवळ बागायती जमीन, दारात ट्रॅक्टर, सुपारीचंही व्यसन नाही. तरी प्रत्येक पोरीकडून एकच निरोप, मुलगा चांगला आहे, पण नोकरी नाही. दर नकाराला आई घरात मिटत गेली. हळदीकुंकवाला जायची बंद झाली, कुणाच्या साखरपुड्याला जायची बंद झाली.

त्यामुळे आईचा भाऊ, आमचे ज्योतिबामामा, सांगलीचं स्थळ घेऊन आले तेव्हा ती हरखून गेली. मुलीचं नाव समीक्षा, घर विश्रामबागेत. पोहे झाले, चहा झाला आणि तिचे वडील म्हणाले, "जा, बाहेर जाऊन दोघं बोलून घ्या." आई आणि मामांना तिथंच ठेवून आम्ही निघालो.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी नवं हॉटेल झालं होतं, टेक्स-मेक्स, म्हणजे मेक्सिकन धाटणीच्या खाण्याचं. "गेल्याच आठवड्यात उघडलंय. मीही पहिल्यांदाच येतेय," समीक्षा म्हणाली. भिंतीवर निवडुंग रंगवलेला, शेजारी सुपाएवढी टोपी टांगलेली आणि खुर्च्या एवढ्या उंच की माझे पाय लोंबायला लागले. बघायला आलेला नवरदेव पाय हलवत बसला तर कसं दिसेल? मी ते कुठंतरी टेकवायची धडपड करत होतो, ते बघून ती हसली. हिणवणारं हसू नव्हतं ते. मला ती तिथंच आवडली, उगाच लपवून काय करू?

तिने बरिटो आणि नाचोज मागवले. बरिटो म्हणजे मैद्याच्या मोठ्या पोळीत राजमा-भात गुंडाळलेला. मी एका टोकाला चावलं की दुसऱ्या टोकातून भात ताटात पडायचा. तिचंही तेच होत होतं. शेवटी दोघांनी लाज सोडून चमचे घेतले. नाचोजच्या कुरकुरीत तिकोनी चकत्या मात्र जमल्या.

"ह्यो तर मका," मी म्हणालो. "आमच्यात म्हशीला घालत्यात."

ती पुन्हा हसली. तोवर मनातल्या मनात मी तिला आमच्या घरच्या सोप्यात बसवून, आईशी गप्पा मारायला लावून मोकळाही झालो होतो.

मग तिने हात पुसले. "एक सांगू? रागावू नका. मला शेतावर राहायचं नाही. तुमच्यात काही खोट नाही. पण पपांना तुमची जमीन फार पसंत पडलीय. तुम्ही होकार दिलात की मला कुणी विचारणार नाही."

"मग तुमी न्हाई म्हणा की."

"म्हणून बघितलं. त्यांनी हात उचलला." ती ताटाकडे बघत होती. "तुमच्याकडून नकार आला तरच विषय संपेल."

मला आधी रागच आला. आजवर लोकांचे नकार पचवले, आणि आता एक पोरगी पसंत पडली तर तिला नकारही मीच द्यायचा? तरी म्हणालो, "मी वरीसभर थांबतो. तवर तुमचा इचार बदलला तर?"

"थांबू नका," ती म्हणाली.

उरलेला बरिटो तसाच ठेवून आम्ही उठलो.

परतताना मामांची जीप आष्ट्याच्या पुढे आल्यावर आईने विचारलं, "काय ठरीवलंस रं?"

"मला पोरगी पसंत न्हाई."

मामांनी गाडी कडेलाच घेतली. "डोकं फिरलंय का तुजं? ती मान्सं तयार हायत! हात दाखवून अवलक्षण केलंस गड्या. आता माज्याकडं स्थळ मागाय येऊ नगंस."

"खोट काय हुती तिच्यात?" आईने विचारलं.

तिला नावं ठेवायला माझी जीभ वळेना. "न्हाई पटली," एवढंच म्हणालो. आईने खिडकीकडे तोंड फिरवलं. रात्रभर मला वाटत राहिलं की हिची शेवटची आशा मीच मोडली.

सकाळी मी गोठ्यात धार काढत होतो. शेजारच्या शालूकाकीने अंगणातूनच विचारलं, "काय झालं गं मंगल, सांगलीचं?" हा प्रश्न आला की आई काहीतरी पुटपुटून घरात शिरायची. आज ती थांबली. तिने पदर खोचला.

"आमच्या जयराजनंच न्हाई म्हणून सांगितलं. त्यास्नी लय पसंत हुतं. पर आमाला न्हाई पटली."

"व्हय? सांगलीची पोरगी असून?"

"असंना का सांगलीची! आमी काय रस्त्यावर पडलोय व्हय, कुनीबी दिली की घ्यायला?"

कितीतरी वर्षांनी तिचा असा आवाज ऐकला. मग ती दळणाचं निमित्त काढून खालच्या आळीपर्यंत जाऊन आली, वाटेत दारादारात थांबत. आल्यावर तिने शिरा केला आणि बशी घेऊन गोठ्यात आली.

"खा. आन् फुडच्या बगण्यालाबी असाच ताठ ऱ्हा."

पुढचं बघणं कुणी आणणार नव्हतं. मामांचं बोलणं तिनेही ऐकलं होतं. पण ती हसत होती, आणि ते हसू मोडायची माझी छाती झाली नाही.

"व्हय," म्हणालो, आणि शिरा गिळला.