काचेतले जावईबापू

मी पाल बोलतेय. भिंतीवरची, झाडूने हाकलायची ती नव्हे हो. मी काचेच्या पेटीत राहणारी, दूरच्या उष्ण बेटांवरच्या जातीची, विकत आणलेली. आमच्या मालकांचं चष्म्याचं दुकान आहे. दुसऱ्यांची नजर तपासण्यात त्यांचा जन्म गेला, स्वतःची तेवढी तपासायची राहिली.

विकणाऱ्याने त्यांच्या गळ्यात 'नर-मादीची जोडी' मारली. मी अंगाने थोराड, म्हणून मी नर! अहो, आमच्या जातीत नर जवळजवळ नसतोच. आम्ही बायाबायाच अंडी घालतो आणि त्यांतून पिल्लंही निघतात. पण मालकांना सांगणार कोण? माझं नाव पडलं जावईबापू आणि माझ्या बहिणीचं ताई.

ताईला पिल्लं झाली. मालक ज्याला त्याला सांगत सुटले, "जोडी जुळवायला नजर लागते, नजर!" पाणी फवारायचं, केळं कुस्करून ठेवायचं, घाण काढायची ती मालकीणबाईंनी. कौतुक मात्र जावयाचं आणि सासऱ्याचं. बाळंतिणीला कुणी विचारलंसुद्धा नाही!

मग ताईला विश्रांती हवी म्हणून मला दुसऱ्या पेटीत हलवलं. तिथे मी एकटीनेच दोन अंडी घातली आणि काचेला घट्ट चिकटवली. आमची अंडी तशीच असतात. खरवडली की फुटलीच म्हणून समजा.

सकाळी मालकीणबाई ओरडल्या, "अहो, लवकर या! जावईबापू बाळंत झाले!"

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चेहरा पार उतरला. "बापाशिवाय अंडी? पोकळ असणार. आण ते पातं, खरवडून टाकतो. चारचौघांत हसं होईल माझं!"

पातं काचेशी आलं. मी जीव तोडून चुकचुकले, पण माझा आवाज तो केवढासा!

"अंड्यांना हात तर लावून बघा," मालकीणबाई म्हणाल्या, "उद्यापासून सगळ्या पेट्या तुम्ही धुवायच्या."

पातं मुकाट्याने खाली गेलं. हात घाण व्हायची वेळ आली की भल्याभल्यांची अब्रू गप्प बसते.

आता माझी दोन्ही पिल्लं काचेवर हुंदडतायत. दोघीही हुबेहूब माझ्यासारख्या. मालक मात्र उसासे टाकतात, "पोरांना बापाचं नाव नको का?" म्हणून काल नवा जावई आणलाय. खात्रीचा नर, म्हणे!

"चाल बघ कशी रुबाबदार!" मालक म्हणाले.

जावई ऐटीत काचेवर चढला. आमच्या पोटाची कातडी पातळ, आतलं बाहेरून दिसतं. मी पाहिलं, मालकीणबाईंनीही पाहिलं. पोटात दोन पांढरी अंडी! त्या तोंडावर हात दाबून आत पळाल्या.

मालक, हात जोडते, आम्हाला आता नवरे आणू नका. तुमच्या डोळ्यांचा नंबर तेवढा तपासून घ्या. आणि पेट्या धुवायची वेळ झालीय. बाईंना पोटभर हसू द्या. आज तुम्हीच धुवा.