फुंकणी आणि स्ट्रॉ

दीड वर्षाच्या नातीपुढे हात टेकायची वेळ तोतारामआबांवर आजवर आली नव्हती. पूर्वाला कालपासून जुलाब लागले होते. धरणगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "मीठ-साखरेचं पाणी पोटात गेलंच पाहिजे. चारपर्यंत लघवी झाली नाही तर जळगावला न्या, सलाईन लावावं लागेल." दोन वाजून गेले होते. जुलाब थांबले होते, पण लंगोटही सकाळपासून कोरडा ठणठणीत.

चमचा दिसला की पोरगी ओठ घट्ट मिटायची. मिटणारच! काल कडू औषध आबांनी धाकदपटशा करून चमच्यानंच पाजलं होतं. वाटी तर तिनं उडवूनच दिली. शेवटी सून मोहिनीनं दुकानातून स्ट्रॉ आणली. पूर्वानं ती हौसेनं तोंडात धरली, गाल फुगवले आणि फुर्रकन फुंकली. ग्लासात बुडबुडे, आबांच्या सदऱ्यावर शिंतोडे, पोटात मात्र थेंबही नाही.

"हिला फुंकायला कुणी शिकवलं हो, आबा?" मोहिनी रडकुंडीला आली.

शिकवणारे आबाच. रोज सकाळी आंघोळीचं पाणी तापवताना पोरीला चुलीपुढे मांडीवर घ्यायचे, फुंकणी तिच्या तोंडाला लावायचे आणि राख उडाली की "शाब्बास माझी वाघीण!" म्हणायचे. नळी म्हणजे फुंकायची, हे पोरीनं पक्कं करून टाकलं होतं. आबांना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

त्यांनी स्वतः ओढून दाखवलं. पूर्वानं टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा फुंकलं. तीन वाजले. मोहिनी जळगावला जायला पिशवीत कपडे भरू लागली.

आबांची नजर दाराशी ठेवलेल्या डिझेलच्या कॅनवर गेली. विहिरीवरच्या इंजिनात डिझेल सोडताना काय करतो आपण? नळी आधी भरून घेतो, वरचं तोंड अंगठ्यानं दाबून धरतो. अंगठा उचलेपर्यंत डिझेल नळीतच राहतं. अरे, मग इथं का नाही?

त्यांनी स्ट्रॉ पाण्यात बुडवली, वर बोट दाबलं, खालचं टोक पूर्वाच्या ओठांत ठेवलं आणि बोट उचललं. जिभेवर गोड धार! पोरीचे डोळे मोठे झाले. दुसऱ्यांदा तसंच, तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा आबांनी बोट उचललंच नाही. पूर्वा चिडली, ओठ आवळून तिनं ओढलं, तेव्हा कुठे त्यांनी बोट सैल केलं. मग स्ट्रॉ ग्लासात सोडली. पूर्वानं पुन्हा ओढलं. ग्लासातलं पाणी चक्क खाली जाऊ लागलं!

"पी माय, पी," आबा पुटपुटत राहिले. अर्धा ग्लास संपला. पोरगी त्यांच्या मांडीवरच पेंगली. आबा हलेचनात. घड्याळाकडे बघायची त्यांची छाती होईना.

चारला पाच कमी असताना धोतर कोमट झालं, मग चांगलंच भिजलं.

"मोहिनी! पोर मुतनी व!" आबा असे ओरडले की शेजारच्या सुनंदाबाई धावत आल्या.

मोहिनी पिशवी टाकून तिथंच मटकन बसली, रडता रडता हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "आबा, द्या तिला इकडे. धोतर बदलून या."

"राहू दे," आबा म्हणाले. "थोडा वेळ राहू दे."