कोरायची राहिलेली ओळ

दगडावरचं कापड खाली आलं तेव्हा मी पहिल्या बाकावर मान ताठ करून बसले होते. का नाही बसणार? चार महिने घातले होते त्या दगडावर. दगडावर अक्षरं कोरणं हा आमचा घरचा धंदा. बापाने माझ्या हातात छिन्नी दिली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. आज त्याच लोकांच्या आईबापांच्या कबरींवर माझं अक्षर आहे, आणि एकही कानामात्रा तिरकी नाही.

या खेपेला काम आमच्याच चर्चचं होतं. वेदीमागच्या भिंतीवर माणसाच्या उंचीचा काळा दगड आणि त्यावर मतांगीकार. दर रविवारी आम्ही सगळे उभे राहून एका सुरात म्हणतो तो. आकाश आणि पृथ्वी घडवणारा देवबाप, त्याचा एकुलता एक पुत्र येशू, त्याचा जन्म, त्याचा क्रूस, त्याची कबर, तिसऱ्या दिवशी त्याचं उठणं, आणि असं करत करत शेवटी सार्वकालिक जीवन. आम्ही काय मानतो ते सगळं बारा ओळींत.

"आज पुस्तकं मिटा," पाळकसाहेब म्हणाले. "आज दगडावरून वाचूया."

सगळे उभे राहिले. नऊ ओळी झकास गेल्या. माझं अक्षर मागच्या बाकापर्यंत वाचता येत होतं, हे मी तिरक्या डोळ्याने बघून घेतलं. मग नववी ओळ संपली, "पवित्र जनांची सहभागिता", आणि अचानक आवाज फुटला. अर्धे लोक म्हणाले, "पापांची क्षमा." अर्धे म्हणाले, "देहाचे पुनरुत्थान." जे सवयीने म्हणत होते ते एकीकडे गेले, जे दगडाकडे बघत होते ते दुसरीकडे. एकमेकांत पाय अडकावा तसं झालं आणि सगळेच थांबले.

कुणीतरी हसलं. मग दुसऱ्या रांगेतून आमच्या शाळेचे निवृत्त मास्तर म्हणाले, "एक ओळ नाहीये."

मला आधी रागच आला. मास्तरांना जन्मभर दुसऱ्याच्या वहीत चुका काढायची खोड. मी उठले, तरातरा दगडापाशी गेले आणि ओळींवर बोट ठेवलं. सात. आठ. नऊ, पवित्र जनांची सहभागिता. तिच्याखाली, देहाचे पुनरुत्थान. मधे काही नाही. मी पुन्हा वरून मोजलं. अकरा. 

पापांची क्षमा नव्हती. दगडावर सगळं होतं, देव होता, क्रूस होता, रिकामी कबर होती, आणि पापांची क्षमा नव्हती.

खाली चार बोटं जागा उरली होती, ती मला कोरतानाच दिसली होती. माझ्या हातून जागा उरत नाही कधी. पण मी म्हटलं, असेल, मोजमाप थोडं चुकलं असेल, आणि तिथे द्राक्षाचा वेल कोरला. तीन दिवस त्या वेलावर घालवले. पानांच्या शिरासुद्धा काढल्या. किती मूर्ख असावं बाईने!

मी मागे वळले तेव्हा माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळ्यांच्या माना शेवटच्या बाकाकडे वळल्या होत्या. तिथे माझा धाकटा भाऊ उभा होता, पायाशी पिशवी. तो दगडाकडे बघत होता. मग त्याने वाकून पिशवी उचलली, मान खाली घातली आणि दारातून बाहेर गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की या सगळ्यांना काय वाटतंय.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात एक अवजड फरशी गाड्यावर चढवायची होती. ती उभी ठेवून दोन पट्ट्यांनी बांधायची, ते काम भावाचं. त्याने एक पट्टा बांधला आणि फोन आला म्हणून बाहेर गेला. माझा नवरा गाडा ढकलायला मागून आला. त्याला वाटलं, बांधलंय. पुढचं मी सांगणार नाही. मी ते डोळ्यांनी पाहिलंय आणि एकदा पुरे. दफनाच्या दुसऱ्या दिवशी भाऊ दाराशी आला, "ताई" एवढंच म्हणाला आणि मी दार लावून घेतलं. तो दुसऱ्या गावी गेला, तिथल्या खाणीवर लागला. आई चोरून त्याला भेटत असे आणि मी चोरून ते माहीत करून घेत असे. पण मी त्याच्याशी चकार शब्द बोलले नाही.

आता त्याला दूर देशात बोटीवर नोकरी लागली होती. दुपारच्या बसने तो जाणार होता, परत कधी येईल ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पाळकसाहेब आठवड्यापूर्वी विचारायला आले होते, जायच्या आधी एकदा तो आपल्याबरोबर प्रभुभोजनाला बसला तर चालेल का. मी म्हटलं, "चर्च काय माझ्या बापाचं आहे? येऊ दे." आणि आता तो आला होता, तर त्याच्यासमोर भिंतीवर हे.

"मी मुद्दाम नाही केलं," मी म्हणाले. माझा आवाज घुमला. "देवाशप्पथ, मी मुद्दाम नाही केलं."

 मास्तर चष्मा पुसत राहिले. त्यांच्या जागी मी असते तर मीही विश्वास ठेवला नसता.

"मुद्दाम नाही केलंस, ते मला माहीत आहे," आई म्हणाली. ती पहिल्या बाकावर एकटीच बसून होती. "इकडे ये."

मी तिच्याजवळ गेले. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि तिचा उजवा कान गेलेला आहे. म्हणून चर्चमध्ये ती माझ्या उजव्या हाताला बसते, डावा कान माझ्याकडे करून.

"कोरताना बोलत होतीस ना?" तिने विचारलं.

"म्हणजे काय! बोलल्याशिवाय मी छिन्नी लावते का?"

हा आमच्या कारखान्याचा नियम. बापाने घालून दिलेला. अक्षर गेरूने आखताना आणि कोरताना ते तोंडाने म्हणायचं, म्हणजे गळत नाही. पाळकांनी दिलेला कागद माझ्यापाशी होता, पण मी तो उघडलाही नव्हता. ज्याला पाठ नसेल त्याने कागद बघावा. मला तर मतांगीकार झोपेतून उठवलं तरी येतो.

"नऊ वर्षं मी तुझ्या शेजारी उभी राहते," आई हळू आवाजात म्हणाली. "सहभागितेपर्यंत तुझा आवाज येतो. मग तू गप्प होतेस. मग देहाचे पुनरुत्थान एवढ्या मोठ्याने म्हणतेस की माझा बहिरा कानसुद्धा दुखतो. एक रविवार चुकला नाही."

 ते खरं होतं. पहिल्या रविवारी मी ठरवून ओठ मिटले होते. ते मला आठवत होतं. त्यानंतर कधी ठरवावं लागलं नाही, ते आठवत नव्हतं. मला फक्त पुढची ओळ हवी होती. त्या फरशीखालचा देह मला परत हवा होता, धड, उभा, हसणारा. त्यासाठी मी दर रविवारी मधली पायरी सोडून वरच्या पायरीवर उडी मारत होते. शेवटी जिभेला वळण लागलं, आणि हात जिभेमागून गेला.

मी, जिच्या हातून वेलांटीसुद्धा सुटत नाही ती, ख्रिस्ती माणसाच्या कबुलीतून क्षमा गाळून बसले होते आणि तिथे द्राक्षं काढली होती. मला स्वतःची भीती वाटली.

मी पळत सुटले. रविवारच्या टाचेच्या चपला, पन्नाशीतली बाई, भर रस्त्यात. बस थांब्यावर भाऊ उभा होता. नऊ वर्षांत त्याचे केस पिकले होते.

"मी मुद्दाम नाही केलं," मी धापा टाकत म्हटलं. नऊ वर्षांनी त्याच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य हे.

"माहीत आहे, ताई. तू कामात लबाडी करणार नाहीस."

"मग निघालास कशाला?"

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं. मुद्दाम केलेलं माणूस कधीतरी मागे घेतं. हे तर तुझ्या आतूनच आलंय."

कानाखाली बसावी तसं झालं मला.  लांबून बस येताना दिसली. मी त्याच्या हातातली पिशवी हिसकावून घेतली.

"चल," मी म्हटलं. "दगडावर बोट फिरवायला कुणी नाहीये."

आमच्याकडे दुसराही नियम होता. दगड धुवायच्या आधी कोरणाऱ्याने नाही, दुसऱ्या माणसाने प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत मोठ्याने वाचायचं. ते काम याचं असे, लहानपणापासून. तो गेल्यापासून माझ्या दगडांवर कुणाचं बोट फिरलं नव्हतं. मी दुसरं माणूस ठेवलं नाही. मला गरज नाही असं मी सगळ्यांना सांगत आले.

बस आली, थांबली आणि गेली.

आम्ही परतलो तेव्हा चर्च रिकामं झालं होतं. प्रभुभोजन झालंच नव्हतं. पाळकसाहेबांनी भाकर आणि पेला झाकून ठेवला होता आणि ते आईशेजारी बसले होते.

"नवा दगड करून देते," मी म्हटलं.

"नको," ते म्हणाले. "मधे कोरा. बारीक अक्षरात. राहिली होती आणि नंतर घातली, हे लोकांना दिसू दे."

मी कारखान्यातून हत्यारं आणली. दोन ओळींच्या मधल्या फटीत गेरूने रेघ मारली, खाली काकपदाची खूण काढली, वहीत विसरलेला शब्द घालताना काढतात तशी. छिन्नी दगडाला लावली. आता बोलायचं.

आवाज फुटेना. मी ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. "पा" सुद्धा येईना.  भाऊ बाजूला उभा होता. तो सांगणार होता काहीतरी, मदत करायला, आणि मी गर्रकन त्याच्याकडे वळले.

"तू पट्टा बांधला नाहीस!"

मी केवढ्याने ओरडले ते मला नंतर कळलं. नऊ वर्षं मी हे वाक्य उशीला सांगितलं होतं, भिंतीला सांगितलं होतं, देवाला तर रोज सांगितलं होतं. त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

"नाही बांधला," तो म्हणाला. फोन आला होता म्हणाला नाही. घाई होती म्हणाला नाही. "मी बांधला नाही, ताई. मला माहीत होतं दोन लागतात."

मी हमसून हमसून रडले. तोही रडला. पाळकसाहेब उठायला लागले, तर आईने त्यांची बाही धरून खाली बसवलं.

मग मी नाक पुसलं आणि पुन्हा दगडाकडे वळले. "पा," मी म्हटलं आणि ठोका मारला. आवाज घोगरा होता, पण होता. राग गेला नव्हता. अजूनही सगळा गेलाय असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक अक्षर म्हटल्याशिवाय छिन्नी लावायची नाही, आणि ठोके तर शेकडो लागतात. पा. पां. ची. मी ते दोन शब्द त्या दुपारी जितक्या वेळा म्हटले तितक्या वेळा नऊ वर्षांच्या रविवारांत मिळून म्हटले नसते. "मा" चा काना उतरला तेव्हा खिडकीतलं ऊन तिरपं झालं होतं.

"बोट फिरव," मी म्हटलं.

भावाने बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि वाचायला लागला. त्याचा वाचायचा सूर तोच होता, लहानपणीचा, प्रत्येक शब्दाशेवटी जरा थांबणारा. सात. आठ. नऊ. बोट काकपदावर आलं, बारीक अक्षरांवर आलं, अक्षरांतली ताजी भुकटी त्याच्या बोटाला लागली. आणि तो गप्प झाला.

"वाच ना."

त्याने मान हलवली. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. मी ते ओठ ओळखले.

"मीही म्हणत नाही," शेवटी तो म्हणाला. "नऊ वर्षं. तिकडच्या चर्चमध्ये. सगळे म्हणतात, मी ती ओळ सोडून देतो. मला कुठल्या तोंडाने म्हणता येईल?"

 दोन गावं, दोन चर्चं, दर रविवारी त्याच एका ओळीवर आम्ही दोघंही मुके. मी देत नव्हते म्हणून, आणि तो मागत नव्हता म्हणून.

मी त्याच्या बोटावर माझं बोट ठेवलं आणि पहिल्या अक्षरापासून पुढे सरकवलं.

"पापांची क्षमा," मी म्हटलं. "म्हण."

त्याने म्हटलं. अगदी पुटपुटला, पण म्हटलं.

"मला ऐकू नाही आलं," आई बाकावरून म्हणाली. "दोघांनी मोठ्याने म्हणा."

मी वळून पाहिलं. तिचा चांगला कान आमच्याकडेच होता.