जित्याला सावली

बासष्ट सालच्या थंडीत पनवेलला गाढी नदीच्या काठी एक सरकारी डुक्करपालन केंद्र होतं. सकाळी नदीवरून धुकं उठे आणि केंद्राची कौलं, शेवग्याची झाडं, कुंपण सगळं हळूहळू विरघळून जाई. त्या धुक्यात एक भलामोठा पांढरा नर संथ फिरत असे. लांबून वाटे, ढगाचा तुकडा खाली उतरून जमीन हुंगतोय.

डोंगराकडच्या वाड्यांवर नर नेणं शक्य नव्हतं. म्हणून डॉक्टर आनंदा घरत त्याचं वीर्य बाटलीत घेऊन सायकलने जात आणि तिथल्या डुकरिणींना कृत्रिम रेतन करत. ते मिठागरवाल्या घरातले. परळला जनावरांची डॉक्टरी शिकून आले आणि डुकरांत रमले, म्हणून भावकीतले त्यांच्या शेजारी पंगतीला बसायला कचरत. बाटलीतलं वीर्य दोन दिवस नासू नये म्हणून त्यात पेनिसिलिन घालायचं, असं ते शिकले होते.

नराची देखभाल मंगळ्या कातकरी करी. पौषात गवत कापताना कोयता त्याच्या पायात रुतला. आठ दिवसांत पाय मांडीपर्यंत सुजला आणि तो तापात बरळू लागला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "पेनिसिलिन संपलंय. मुंबईहून यायला चार दिवस लागतील."

"चार दिवस काढेल हा?" आनंदांनी विचारलं.

आनंदा केंद्रावर गेले, कपाटातल्या पेनिसिलिनच्या सगळ्या कुप्या रुमालात बांधून आणल्या आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मंगळ्याची बायको सोमी केंद्रावर हजर झाली. "तो उठं तवर नराला मी बघीन," ती म्हणाली.

औषधाविना भरलेली पहिली बाटली एका दिवसात आंबली. आनंदांनी बूच काढलं तेव्हा सोमीलाही वास आला.

"ही घाण कुठून आली?" तिने विचारलं.

"नराच्याच अंगावरून. पोटाखालच्या केसांत असते, कातडीच्या पिशवीत साचलेल्या मुतात असते. औषध तिला मारायचं."

"मंग आत जाऊच नाय द्यायची."

तिने ते मनावर घेतलं. रोज सकाळी ती नराला धुई. पोटाखालचे केस तिने कातरून टाकले. पिशवी हलक्या हाताने दाबून सगळं मूत बाहेर काढी, मग उकळलेल्या फडक्याने पुसून कोरडं करी. ती काहीतरी गुणगुणायची आणि तो अवाढव्य जीव डोळे मिटून उभा राही. आनंदा काचेची भांडी दोनदा उकळत, पहिली धार टाकून देत, उरलेलं जाळीच्या कापडातून गाळत आणि त्यात ग्लुकोजचं पाणी मिसळत.

आता वास येईना. पण बाटली टिकावी म्हणून त्यांनी ती बाजारातून आणलेल्या बर्फात ठेवली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर सगळे शुक्राणू निश्चल होते. दुसऱ्यांदाही तेच झालं. आनंदा पायरीवर बसून राहिले.

सोमी शेजारी येऊन उकिडवी बसली. "बर्फात मासली ठेवतात डाक्तर. ती मेलेली असते. चिंबोऱ्या जित्या नेयच्या तर आमी वल्या पाल्यात ठेवतो. मेलेल्याला बर्फ, जित्याला सावली."

आनंदांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते उठून भाताचं तूस घेऊन आले. डब्याच्या तळाशी बर्फ, वर हातभर तूस, त्यात कापसात गुंडाळलेली बाटली आणि शेजारी थर्मामीटर. पारा सतरा अंशांवर आला की तिथेच राहावा म्हणून सोमी दिवसभर तूस कमीजास्त करत बसली. हळूहळू तिला थर्मामीटर बघायची गरज उरली नाही. तुसात हात घालून ती सांगे, "जरा जास्त गार झालंय."

तिसऱ्या सकाळी आनंदांनी एक थेंब काचेवर घेतला, हाताच्या उबेत धरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. बराच वेळ ते वाकूनच राहिले. मग बाजूला झाले.

"बघ."

सोमीने डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडात काहीतरी सळसळलं. भरतीच्या पाण्यात माशांची पिल्लं थव्याने वळतात, तसे अगणित जीव वळत होते. तिला वाटलं, आपण खाडीच्या तळाशी उभ्या आहोत आणि वरून ऊन झिरपतंय.

"निजले व्हते," ती हळूच म्हणाली. "आता जागे झाले."

त्याच दिवशी कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतून डुकरं पाळणाऱ्या पारूचा निरोप आला की तिची डुकरीण माजावर आली आहे. आनंदा सायकल चालवत होते आणि सोमी मागे तुसाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती, झोपलेलं मूल घेऊन बसावं तशी. वाडीत पारूने डुकरिणीची पाठ खाजवत तिला उभं धरलं. आनंदांनी नळीतून बाटली हळूहळू रिकामी केली. डुकरीण कान ताठ करून अगदी स्तब्ध उभी होती.

मंगळ्या वाचला. पाय जरा ओढत तो माघात कामावर आला आणि नराकडे गेला. नर त्याला हुंगून सोमीच्या मागे निघाला. मंगळ्या म्हणाला, "आता तुजाच झाला तो." त्या दिवसापासून त्याने चाऱ्याचं काम घेतलं.

पेनिसिलिनच्या कुप्या पुन्हा आल्या. आनंदांनी त्या दवाखान्यात देऊन टाकल्या.

वैशाखात पारूच्या डुकरिणीला नऊ पिल्लं झाली. सोमी बघायला गेली तेव्हा पिल्लं आईच्या कुशीत ओळीने पीत होती. एक बारकं पिल्लू मागे राहिलं होतं, त्याला सड सापडत नव्हता. सोमीने ते उचललं. ते गुलाबी होतं, आणि त्याच्या कातडीखालून उजेड येत असल्यासारखं वाटत होतं. तिने त्याला जागा करून दिली आणि ते पिऊ लागेपर्यंत त्याच्या पाठीवर बोट ठेवून बसली.