दुसरी कडी

आमटीचं पातेलं टेकवायला वीतभर राहिलं होतं, तेवढ्यात झुंबरबाईच्या उजव्या हातातली कडी सुटली. कोपरातून मनगटापर्यंत कळ गेली आणि बोटं परक्याची असल्यासारखी उघडली. पातेलं कलंडलं. कढत आमटी फरशीवर पसरली, तिच्या पायाला चाटून गेली. पंगतीतल्या पुढच्या दोन मुली ताटं टाकून मागं सरकल्या म्हणून वाचल्या.

"पोळलं का गं कुनाला?" तिनं आधी ते विचारलं. आपल्या पायाकडे नंतर पाहिलं.

मुख्याध्यापक नानासाहेब वाईट नव्हते. तळेघरच्या पलीकडे डोंगरात असलेल्या त्या निवासी शाळेत एकशे चाळीस लेकरं होती, आणि उद्या काही झालं तर आईबापांना तोंड त्यांनाच दाखवायचं होतं.

"मावशी, आज निभावलं," ते म्हणाले. "दिवाळीच्या सुट्टीनंतर बघू. हात बरा झाला तर चूल तुमची. नाहीतर चुलीवर बायडाबाई बसतील, तुम्ही झाडलोट बघा. पगारात काही फरक पडणार नाही."

"पगाराचं कोन इचारतंय?" झुंबरबाई पुटपुटली, पण फरशीकडे तोंड करून. नानासाहेबांना ते ऐकू गेलं नाही.

ब्याण्णव साली बौद्धवाड्यातली बाई चुलीपाशी बसणार म्हटल्यावर तीन मुलांचे बाप पोरं घेऊन गेले होते. महिन्याभरानं त्याच वाटेनं आणून सोडली. त्याला आता अकरा वर्षं झाली. तिच्या हातची नाचणीची भाकरी खाऊन कुणी कंडक्टर झालं, कुणी नर्स झालं. झाडू काय, तिच्या सासूच्याही हातात होता, सासूच्या सासूच्याही. चूल मात्र तिची तिनं मिळवलेली होती.

कोपर वर्षभर दुखत होतं. त्याला बिब्ब्याचा डाग देऊन झाला, विटेचा शेक झाला. मेडिकलातून आणलेला पट्टा तिनं बरोबर दुखऱ्या हाडावरच करकचून बांधला होता, आणि कुणाला दिसू नये म्हणून वर झंपराची बाही ओढलेली. दुखणं त्यामुळं अजून चिडलं. पण लपवलेल्या दुखण्याला सल्ला कोण देणार?

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीनं मंचरला गेली. तिथं हाताचे व्यायाम शिकवणारी ज्योत्स्ना नावाची डॉक्टरीण होती. वयानं तिच्या सुनेएवढी. तिनं हाडाच्या टोकाशी अंगठा दाबला तशी झुंबरबाई खुर्चीतून उठलीच.

"टेनिस एल्बो म्हणतात याला, मावशी."

"टेनिस? अवो बाई, म्या ते टीव्हीवर बी धड बघितलं न्हाई."

ज्योत्स्ना हसली. "बघायला लागत नाही. तुम्ही काम कसं करता ते दाखवा बरं."

दवाखान्यातल्या स्टीलच्या ट्रेची परात झाली, ओल्या टॉवेलचा गोळा झाला. झुंबरबाईनं फतकल मारून भाकरी थापून दाखवली. मग ज्योत्स्नानं पाण्यानं भरलेली बादली पुढं सरकवली. ती उचलताना झुंबरबाईचं मनगट वर वाकलं, तळवा जमिनीकडे, सगळा भार कोपराच्या बाहेरच्या शिरेवर.

"थापण्यानं थोडं होतंय. उचलण्यानं जास्त," ज्योत्स्ना म्हणाली. तिनं पट्टा सोडवला आणि हाडाच्या खाली दोन बोटं अंतर ठेवून बांधला. हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, मुठीत पाण्याची अर्धी बाटली. डाव्या हाताच्या आधारानं मनगट वर न्यायचं आणि उजव्यानं एकट्यानं अगदी सावकाश खाली सोडायचं. पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. सुट्टीभर पिळणं, आपटणं बंद. उचलायचं ते तळवा वर करून, अंगाशी धरून.

"आणि ते मोठं पातेलं किती जणी उचलता?"

"मीच."

"एकट्या? दोन कड्या असतात ना त्याला?"

झुंबरबाई टॉवेलाची घडी घालू लागली. "पैल्या वर्षी दुसऱ्या कडीला कुनी हात लावला न्हाई. मी धरलेलं व्हतं ना. मग आपली सवयच पडली."

ज्योत्स्नानं बादली बाजूला सरकवली. "बाटलीनं हात बरा होईल, मावशी. पण पातेलं एकटीनं उचललंत, तर हे परत येणार. त्याला माझ्याकडं व्यायाम नाही."

सुट्टीत घरी ओट्याच्या कडेला बाटली वर-खाली होऊ लागली. सून शीला धुण्याचे पिळे परस्पर काढून न्यायची आणि जाता जाता म्हणायची, "आत्या, बाटलीला झोप लागली का? का अंगाई म्हनू?" झुंबरबाई मोजणं चुकायची, पुन्हा एकपासून सुरू करायची. तिसऱ्या आठवड्यात तांब्या उचलताना कळ आली नाही. तिनं तो खाली ठेवला आणि खात्री करायला पुन्हा उचलला.

शाळा उघडली त्या दिवशी बाही वर सारलेली होती, पट्टा उघडा दिसत होता. भाकऱ्या झाल्या. आमटी उतरली. नानासाहेब मुद्दाम पडवीत येऊन उभे राहिले. तांदळातले खडे निवडायला बसणारी, मळेवाल्या घरची बायडाबाई कोपऱ्यात सूप झटकत होती.

झुंबरबाईनं फडकं घेतलं. हात बरा होता. आजच्या दिवस एकटीनं उचललं असतं, तर चूल नक्की झाली असती. मदत मागितली तर नानासाहेब म्हणणार, बघा, जमत नाही. आणि बायडाबाईनं तोंड फिरवलं तर ते सगळ्या पंगतीसमोर.

"बायडाबाई," ती म्हणाली. "त्या अंगाची कडी धर."

"मी?"

"हितं आजून कोन हाय?"

सूप थांबलं. बायडाबाईनं नानासाहेबांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. ती उठली, पदराला हात पुसले, आणि चिडल्यासारखी म्हणाली, "मंग आदी का न्हाई म्हनलीस? अकरा वर्सं एकलीच वडत बसलीस ती?"

याला उत्तर होतं. झुंबरबाईला ते पाठ होतं. पण आमटी वाफाळत होती आणि पोरं ताटं वाजवत होती.

"धर," ती म्हणाली.

दोघींनी पातेलं उचललं. बायडाबाई ठेंगणी, त्यामुळं ते तिच्या बाजूला कललं, आमटी काठाला आली. झुंबरबाईनं आपली बाजू खाली घेतली आणि तशीच गुडघ्यात वाकून, पातेलं समतळ धरून चालू लागली, बायडाबाईच्या पायावर थेंब पडू नये म्हणून. नानासाहेब वाटेतून बाजूला झाले.