कलेक्टरचा लिलाव

चांदूर बाजारच्या देवीदासचा सारा जन्म भाजी विकण्यात गेलेला. पहाटे तोडलेली मेथी दुपारपर्यंत राहिली की ती गुरांची, एवढं व्यापारशास्त्र त्याला पुरत होतं. शेजारचे जानराव मात्र कापसाचे माणूस. भाव पडला की ते कापूस खोलीत कोंडून कुलूप लावत आणि वर्षभर वाट बघत बसत. अशा या दोघांनी पुण्याच्या एका घोडेवाल्याकडून शर्यतीतली एक गाभण घोडी भागीत आणली. तिला अस्सल जातीचं, कागदपत्रांसकट शिंगरू झालं. त्याचा रुबाब बघून जानरावांनी नाव ठेवलं कलेक्टर.

कलेक्टर वर्षाचा झाला तेव्हा पुण्यात लिलाव होता. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आत्ताच न्या, या वयात घेणारा पाय कमी आणि स्वप्नं जास्त बघतो. देवीदासला हे तिथल्या तिथे पटलं. जानरावांना वाटत होतं, भाव अजून चढेल.

"कापूस म्या दोन-दोन वर्सं ठेवला," ते म्हणाले. "काई बिघडलं नाई त्याचं."

"कापूस चरत नाई, जानरावभाऊ. हा चरते."

मग जानरावांच्या ओसरीवर बैठक भरली. ज्यांनी आयुष्यात वरातीतला घोडा तेवढा पाहिला होता, त्या सगळ्यांचं शर्यतीच्या घोड्यांच्या बाजाराबद्दल ठाम मत निघालं. कुणी म्हणालं निवडणुकीनंतर विका, कुणी म्हणालं दिवाळी जाऊ द्या. सरपंचांनी कलेक्टरची बदली इतक्या लवकर करू नये असा शेरा मारला. लिलाव बहुमताने टळला.

वर्षभर कलेक्टर हरभरा खात राहिला. त्याचं पोट सुटलं. धावणं त्याने जवळजवळ सोडलं आणि लिंबाखाली उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे तुच्छतेने बघण्याची सवय लावून घेतली.

पुढच्या वर्षी डॉक्टर म्हणाले, आता नाही तर कधीच नाही. खुराकाच्या खर्चाला कंटाळलेले जानरावही तयार झाले. कलेक्टरला ट्रकमध्ये चढवून दोघे पुण्याला निघाले.

लिलाव तीन लाखांवर अडला. बोली एका हॅटवाल्या गृहस्थांची होती आणि तेही जांभई देत होते. देऊन टाकू, जानराव हळूच म्हणाले. पण देवीदासला ते पटेना. भाजीच्या हर्रासात आपला माल पडेल भावाने जाताना त्याने रोज बघितला होता, कधी शब्द काढला नव्हता. आज मात्र त्याला तो स्वतःचा अपमान वाटला. बोलीसाठी त्याचाच हात वर गेला.

हॅटवाल्यांनी साडेतीन म्हटलं. भाव चढतोय हे बघून देवीदास हरखला आणि त्याने चार लाख म्हटलं. हॅटवाले उठून चहा प्यायला गेले. हातोडा पडला.

"हे काय केलं तुमी?" जानरावांनी विचारलं.

"भाव चढवून राह्यलो होतो," देवीदास खाली बघत म्हणाला.

आपलाच घोडा विकत घेतल्याबद्दल लिलाववाल्यांचं कमिशन भरून दोघे त्याच ट्रकने परतले. गावात लोक वाट बघत होते. चार लाखांचा आकडा ऐकून माना डोलल्या. थांबलो म्हणून भाव भेटला, असं ओसरीवरच्या प्रत्येकाने एकमेकाला ऐकवलं. फक्त जानरावांच्या बायकोने, लीलाबाईंनी, घेणारा कोण ते विचारलं.

"चांगल्या घरचा हाय," देवीदास म्हणाला आणि ट्रकचं फाळकं उघडायला गेला.