केलेराचे नऊ गुण

केलेरा आली त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखतंय. लपवून काय करू? सुवा शहरातल्या सरकारी मासेमारी खात्यात अकरा वर्षं फायली सांभाळल्या मी, आणि ही बया आठ महिन्यांत सगळ्यांची लाडकी! वर आमच्या दोघींच्या बेटांत पिढ्यान्पिढ्यांचं थट्टेचं नातं. एकमेकींचं काहीही पळवावं, काहीही बोलावं, समोरचीनं रागवायचं नाही. ती माझ्या ताटातला उकडलेला कसाव्याचा कंद उचलते, "म्हातारे, तुला पचायचा नाही," म्हणते, आणि मी दात काढून हसते.

बेटांवरच्या कचेऱ्यांना कागदपत्रं पोचवायला ओपन सोर्स सिस्टीम निवडायची होती. एक मी सुचवली, एक तिनं. आमचे साहेब, इसोआ, म्हणाले, "दोघी मिळून तुलना करा. जिचं काम चोख, ती विभागप्रमुख."

तुलनेचा तक्ता माझ्याच सिस्टीमवर होता. "कुणी काय बदललं, सगळं नोंदतं हो!" असं मीच मिरवत होते.

मी चाचणी केली कचेरीत, पंख्याखाली. ती पठ्ठी तीन दिवस एका बेटाच्या धक्क्यावर बसून आली. 'कमी नेटवर चालते का', या रकान्यात दहापैकी तिच्या सिस्टीमला नऊ, माझ्या सिस्टीमला पाच. खरेच होते ते गुण. म्हणूनच अंगाची लाही झाली. मसुद्यातल्या बदलांची नोंद होत नाही असं मी धरून चालले आणि तिच्या नवाचे चार केले.

सभेत इसोआसाहेबांनी तक्ता पडद्यावर लावला. "वासेमाथा, तू मिरवतेस ती बदलांची नोंद दाखव बघू."

मी हललेच नाही. त्यांनीच बटण दाबलं. 'केलेरा, ९ ऐवजी ४. बदल: वासेमाथा.'

केलेरा खदखदून हसली. "अहो साहेब, आमच्या नात्यात चोरी चालते! मीच म्हटलं होतं तिला, बघू पकडतात का. काय गं वासे?"

सगळे हसले. मीही हसले. तिनं असं काहीच म्हटलं नव्हतं.

सिस्टीम माझी निवडली, त्या नोंदीमुळेच. प्रमुख ती झाली. आता नवा माणूस आला की केलेरा त्याला शिकवायला तेच पान उघडते, आणि माझ्याकडे बघून डोळा मारते. मला रागवायची सोय नाही.